सीलिंगमधली सहा भोकं, बाबा आणि ॲडजस्टेबल होल सॉ

हॉलमधले लाइट बदलायचे हे वर्षभर डोक्यात होतं, पण बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि संध्याकाळी पेपर वाचताना ते खुर्ची उचलून ट्यूबच्या खाली नेऊन बसायला लागले तेव्हा म्हटलं आता हे काम करायचंच. आमचा फ्लॅट नाशिकला, सातपूरकडे. हॉलला जिप्समचं फॉल्स सीलिंग आहे, सात-आठ वर्षांपूर्वी करून घेतलेलं, त्यात चार छोटे गोल लाइट होते आणि त्यातला एक कायम एका बाजूनं लोंबकळायचा. मी दर महिन्याला स्टुलावर चढून तो वर ढकलायचे, चार दिवसांनी परत खाली.

एका रविवारी तो पूर्ण काढला आणि भोक बघितलं. बघून वाईटच वाटलं. ज्यानं काम केलं त्यानं पेन्सिलनं गोल काढून हॅक्सॉच्या मोडक्या ब्लेडनं कापलं असणार, कारण कडा कुत्र्यानं कुरतडल्यासारख्या, एका बाजूला कागद इंचभर फाटलेला आणि त्याच्या मागचा जिप्सम भुगा होऊन पडलेला. लाइटच्या दोन स्प्रिंग असतात ना त्या बोर्डाच्या वर जाऊन कडेवर दाब देऊन बसतात, आता कडच भुसभुशीत असेल तर स्प्रिंग धरणार कशाला? बाहेरून लाइटची रिंग असते त्यामुळं भोक कसंही कापलं तरी दिसत नाही असं सगळे म्हणतात आणि दिसत नाहीच, पण लाइटचं वजन त्या न दिसणाऱ्या कडेवरच असतं. हे मला त्या दिवशी कळलं आणि मग ठरवलं की या वेळी जुनी चार मोठी करून आणि दोन नवी धरून सहाही भोकं मी पाडणार, वायरींची जोडणी फक्त वायरमनकडून करून घेणार.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिच्या घरी भिंतीसुद्धा याच बोर्डाच्या. तिकडे ड्रायवॉल म्हणतात, आपल्याकडे जिप्सम बोर्ड, वस्तू तीच. मध्ये जिप्सम आणि दोन्ही बाजूंनी जाड कागद. तिच्याकडे अर्धा इंच, आपल्याकडे साडेबारा एमएम, म्हणजे जवळपास सारखंच. ती म्हणाली अगं ॲडजस्टेबल होल सॉ घे, म्हणजे ड्रिलला लावून हव्या त्या मापाचं गोल भोक कापायचं हत्यार, वर प्लास्टिकची वाटी असलेला, मी सगळ्या बेडरूमचे लाइट त्यानंच बसवले. आपल्याकडे पीओपीचं सीलिंगही खूप घरांत असतं, ते जागेवर ओतून केलेलं असतं आणि त्यात जाळी असू शकते, तिथं हे हत्यार अडकेल, त्यामुळं आपलं नक्की काय आहे ते आधी बघून घ्या. मी काढलेल्या लाइटच्या भोकातून कड बघितली, दोन्हीकडे कागद आणि मध्ये पांढरा थर स्वच्छ दिसला, म्हणजे बोर्डच.

हत्यार रविवार कारंजाजवळ मिळालं, नऊशेच्या आसपास. दुकानदारानं आधी साधे होल सॉ दाखवले, कपासारखे, प्रत्येक मापाचा वेगळा. पण माझ्या नव्या लाइटच्या खोक्यावर कटआउट, म्हणजे भोकाचा व्यास, १२० एमएम लिहिलेलं आणि नेमका तो कप त्याच्याकडे नव्हता, आणि बेडरूमचे लाइट पुन्हा वेगळ्या मापाचे, किती कप घेणार. ॲडजस्टेबलमध्ये मधोमध एक ६ एमएमचा ड्रिल बिट असतो त्याला पायलट म्हणतात, त्याच्यातून एक आडवी दांडी जाते, दांडीवर दोन्ही बाजूंना एकेक पातं, आणि पाती सरकवून ॲलन कीनं स्क्रू आवळायचा. दांडीवर आकडे असतात. या सगळ्यावर पारदर्शक वाटी, स्प्रिंगवर बसलेली, भोक पाडताना ती सीलिंगला टेकून राहते आणि भुगा तिच्यातच पडतो.

घरी आणल्यावर मी लगेच १२० वर लावायला घेतलं तर बाबा म्हणाले, आण इकडे. बाबा फिटर होते, अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं, आणि त्यांचा व्हर्निअर, बारीक मापं घ्यायचं हत्यार, अजून कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेला आहे. त्यांनी आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "छापलेल्या आकड्यावर कापायचं नाही. आधी भंगारावर कापून बघ आणि मग बोल."

भंगार कुठून आणायचं हा प्रश्न होता. शेजारच्या विंगमध्ये एकांच्या घरी सीलिंगचं काम चालू होतं, तिथल्या मुलानं दोन फूट बाय दीड फुटाचा तुकडा फुकट दिला. जिप्समला भोकं पाडणार असाल तर असा तुकडा आधी मिळवाच. १२० वर लावून तुकड्यावर कापलं, व्हर्निअर लावला तर १२३. आकडा पात्याच्या मध्यावर धरलेला आणि कापतं मात्र पात्याचं बाहेरचं टोक, तिथं फरक पडला. लाइटची रिंग १३५ ची, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसात एमएमच झाकण मिळतं, त्यातले दीड-दीड असे घालवायचे नव्हते. बाबा म्हणाले, "दोन्ही पाती दीड-दीड आत घे. एकच तीन सरकवशील तर वाट लागेल."

ती वाट कशी लागते तेही त्यांनी दाखवलं, मुद्दाम. एक पातं थोडं बाहेर ठेवून तुकड्यावर फिरवलं तर एकाच्या बाहेर एक अशा दोन खाचा पडल्या, दोन वर्तुळं, आणि मधली पट्टी तुटून कड पार खराब. शिवाय ड्रिल हातात असं थडथडायला लागलं की मी घाबरून ट्रिगर सोडला. दोन्ही पाती मध्यापासून सारख्याच अंतरावर हवीत, इतकं साधं आहे, पण दांडीवरच्या रेषा बघून डोळ्यांनी ते जमत नाही. बाबांची पद्धत अशी: पायलट ६ एमएमचा आहे, त्याचा निम्मा ३, भोकाची त्रिज्या ६०, म्हणजे पायलटच्या कडेपासून पात्याच्या बाहेरच्या टोकापर्यंत ५७ यायला पाहिजे. एका बाजूला ५७, दुसऱ्या बाजूला ५७, मग आवळ. व्हर्निअर नसेल तर स्टीलच्या पट्टीनंही होतं. दुसऱ्यांदा कापलं तर १२० बरोब्बर. ती चकती मी अजून ठेवलीये.

वेगाचंही त्यांनी गणित घातलं. माझं बॅटरीवरचं ड्रिल दोन गिअरचं आहे, पहिल्या गिअरला मिनिटाला ४०० फेरे, दुसऱ्याला १५००. बाबा म्हणाले १२० चा गोल म्हणजे एका फेऱ्यात पातं जवळजवळ ३८ सेंटिमीटर धावतं, ४०० फेऱ्यांना मिनिटाला दीडशे मीटर, आणि १५०० केलेस तर साडेपाचशेच्या वर, एवढ्या लांब दांडीवर दोन पाती त्या वेगानं डोक्यावर फिरणार, नको. म्हणून पहिला गिअर आणि ट्रिगर अर्धाच. क्लच, म्हणजे ड्रिलवरची जोर ठरवणारी आकड्यांची रिंग, पण मी मधल्या आकड्यावर ठेवला, ड्रिलच्या चित्रावर नाही, म्हणजे पातं कशात अडकलं तर मनगट पिरगळायच्या आधी क्लच सुटेल. जिप्सम इतका मऊ असतो, नखानं ओरखडा उठतो त्याच्यावर, त्याला जोर लागतच नाही.

आता लाइन बंद करण्याचं. हे जरा सविस्तर लिहिते, कारण इथं मी चुकले असते. डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या विजेच्या स्विचपेटीत, मेन खाली केला, फॅन बंद झाला, टीव्ही बंद झाला, मी शिडीवर चढले. बाबा खालून म्हणाले टेस्टर लाव. लाइटच्या लोंबणाऱ्या वायरीला टेस्टर लावला आणि तो पेटला. पोटात गोळाच आला. हॉलचे दोन लाइट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत हे मी पार विसरले होते. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली आणि तो बॅटरीवरून त्या वायरीत करंट देतच राहतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत इन्व्हर्टर असतो, तेव्हा मेन बंद केल्यावर इन्व्हर्टरचं बटण पण बंद करा आणि त्याच्याकडून येणारी लाइनही बंद करा, आणि मग प्रत्येक वायरीला टेस्टर लावा, एकाला लावून बाकीच्या गृहीत धरू नका. टेस्टर चालतोय का हेही आधी दुसऱ्या चालू सॉकेटमध्ये बघून घ्यावं, ही बाबांची सवय. सीलिंगच्या वर वायरी नुसत्या बोर्डावर पसरलेल्या असतात आणि पायलटचं टोक बोर्ड ओलांडून वर जातंच, म्हणून नवी भोकं पाडायची तिथं मी आधी जुन्या भोकातून मोबाइल आत घालून टॉर्च लावून फोटो काढले. एका जागी बरोबर वरून वायर गेलेली दिसली. तीच वायर काठीनं बाजूला सरकवली.

दुसरी भीती पत्र्याची. बोर्ड वर जीआयच्या सेक्शनला, म्हणजे पत्र्याच्या लांब पट्ट्यांना, स्क्रूनं मारलेला असतो, आणि पातं सेक्शनवर आलं तर बोर्ड संपल्यावर धाडकन पत्र्यावर आपटतं. सेक्शन कुठं आहेत ते खालून दिसत नाही, स्क्रूवर लांबी (पुट्टी) मारून रंग दिलेला असतो. यासाठी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक वापरला, रुमालात बांधून, म्हणजे रंगाला डाग नको. सीलिंगवर हळूहळू फिरवला की स्क्रूपाशी खेच लागते, तिथं पेन्सिलची टिकली. पाच-सहा टिकल्या एका रेषेत आल्या की तो सेक्शन, मग पुढचा साधारण दीड फुटावर. आमच्याकडे तसाच निघाला. माझ्या प्लॅनमधल्या नव्या दोन भोकांपैकी एक सेक्शनवर येत होतं, ते दोन इंच सरकवलं आणि सिमेट्री राहावी म्हणून त्याच्या समोरचं पण दोन इंच सरकवलं. दोरीनं रेषा मारून घेतल्या, त्याला अर्धा दिवस गेला, आणि माझ्या मते खरं काम तेच होतं.

पहिलं नवं भोक. डोळ्यांना गॉगल, तोंडाला एन-९५, केसांना ओढणी. बाबांनी शिडी धरली, मी म्हटलं तुम्ही वर बघू नका, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ते म्हणाले मी शिडीच्या पायाकडेच बघतोय. पायलट खुणेवर टेकवला, वाटी सीलिंगला सगळीकडून सारखी टेकलीये का बघितलं, कारण ड्रिल तिरकं असेल तर वाटी एका बाजूला उचलली जाते आणि तेच सगळ्यात सोपं माप आहे सरळ धरल्याचं. आधी पायलट आत गेला. मग पाती टेकायच्या आत मी ड्रिल उलट्या दिशेला केलं. ही आयडिया बहिणीची: पहिले पाच-सहा फेरे उलटे फिरवले की पातं कागदात चावत नाही, नुसतं ओरखडत जातं, आणि कागद रेषेवर कापला जातो. सरळ सुरुवात केली तर पातं कागदाचा एखादा कोपरा पकडून उचकटतं, आणि तो रंगासकट रिंगच्या बाहेरपर्यंत फाटत जाऊ शकतो. दोन्ही प्रकार तुकड्यावर करून बघितले होते, फरक चांगलाच दिसतो. फक्त उलटं फिरवताना चक, म्हणजे ड्रिलचा बिट पकडणारा जबडा, सैल होऊ शकतो, म्हणून सरळ करायच्या आधी एकदा हातानं आवळून घ्यायचा.

मग सरळ. फारसं दाबलं नाही, ड्रिलचं वजन हातांनी पेललं की बास. खरखर असा एकसारखा आवाज येतो, वाटीत पांढरा भुगा गोल गोल फिरायला लागतो आणि दहा-बारा सेकंदांत आतलं काही दिसेनासं होतं. तिथून पुढं कानावर काम. जिप्सम कापताना कोरडा आवाज असतो, वरच्या कागदाशी पोचलं की तो एकदम बदलतो, मऊ होतो, तिथं दाब अजून कमी करायचा. नाही केला तर शेवटचा कागद कापला न जाता फाटतो आणि आतल्या बाजूची कड घेऊन निघतो, आणि स्प्रिंग तर त्याच आतल्या कडेवर बसणार असते. टप्प असा आवाज आला, चकती वाटीत पडली. ड्रिल पूर्ण थांबेपर्यंत तसंच वर धरून ठेवलं आणि मग सरळ खाली आणलं. भोकात हात घालून कडेवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. रंगाचा एक टवका नाही. मी खाली न उतरताच बाबांना म्हटलं, बघा. ते म्हणाले बघू नको म्हणालीस ना, आणि मग त्यांनी बघितलंच.

दुसऱ्या भोकाला थोडा गोंधळ झाला. अर्ध्यावर आवाज वेगळा यायला लागला, थांबून काढलं तर एका पात्याचा स्क्रू हादऱ्यांनी सैल होऊन पातं जरासं सरकलेलं. सुदैवानं आतल्या बाजूला सरकलं होतं, त्यामुळं बाहेरची रेषा वाचली. तेव्हापासून प्रत्येक भोकाच्या आधी ॲलन की लावून आवळायची आणि ५७ मोजायचं, मगच वर. आणि वाटीतला भुगाही दर भोकानंतर रिकामा करायचा, दोन भोकांचा साठवला तर खाली आणताना नक्की सांडतो. वाटीला आतून भुगा चिकटून बसतो, ओल्या फडक्यानं पुसली की पुढच्या वेळी पायलटचं टोक दिसतं.

खरा पेच जुन्या चार भोकांचा. ती तीन इंची, मला करायची १२० ची, आणि मधोमध बोर्डच नाही तर पायलट रुतणार कशात? पायलट अधांतरी असला की पाती सीलिंगवर नाचतात, हे हत्यार त्याच्याशिवाय चालतच नाही. मी मावसबहिणीला विचारलं तर ती म्हणाली आमच्याकडे सगळी नवीनच भोकं होती. मग बाबा रात्रभर विचार करत असणार, कारण सकाळी चहाच्या आधी त्यांनी कागदावर चित्र काढून ठेवलं होतं. प्लायची पट्टी घ्यायची, दीड इंच रुंद, लांबी १०५ एमएम. म्हणजे ती जुन्या भोकातून तिरकी आत जाते आणि वर आडवी केली की दोन्ही टोकं बोर्डावर टेकतात, पण १२० च्या गोलाच्या आतच राहतात, पात्याला लागत नाहीत. खालून दोन छोटे स्क्रू मारून ती पट्टी जुन्या भोकाच्या कडेला पकडायची, जो भाग तसाही कापून जाणार आहे त्यातच. आणि भोकात भरायला जिप्समची चकती, जी याच होल सॉनं लहान मापावर भंगाराच्या तुकड्यातून काढायची, तिला मधोमध पायलटचं भोक आयतं असतं. ती चकती पट्टीला स्क्रूनं जोडली की पायलट तिच्या भोकातून थेट प्लायमध्ये शिरतो.

मला वाटलं होतं हे फार किचकट होईल, पण पहिल्याला वीस मिनिटं लागली आणि चौथ्याला सात. चकती मध्यावर धरताना मात्र जुन्या भोकाच्या कडांवर विश्वास ठेवला नाही, ती भोकं गोल नव्हतीच, दोरीच्या रेषांवरूनच मध्य काढला. कापून झालं की जुनी खराब कड, पट्टी, चकती सगळं एकत्र खाली येतं, वजन जास्त असतं, म्हणून शेवटी ड्रिल दोन्ही हातांनी घट्ट धरायचं. ज्या भोकाचा कागद इंचभर फाटला होता तिथं १२० चं भोक पाडूनही फाटका भाग थोडा उरला, सगळ्या बाजूंनी नाही, एका जागी बोटभर. तिथला सुटा कागद ब्लेडनं सरळ कापून टाकला आणि फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून ब्रशनं कडेला दोनदा लावला, सुकल्यावर कड चांगली कडक झाली. मग सगळ्याच सहा भोकांना एकेक हात तसा मारला, कापलेला जिप्सम उघडा असतो आणि लाइट काढा-घाला केला की पावडर सुटते, ते थांबलं.

फरशीवर भुगा पडला होता पण एवढ्या कामाच्या मानानं अगदी थोडा, दोन सुपल्या. तो आधी कोरडा झाडून घ्या, पाणी घातलंत तर लगदा होऊन फरशीच्या सांध्यांत बसतो. जिना चढून वर आलेल्या काकूंना खरंच वाटेना की आत सीलिंगचं काम चाललंय.

सोमवारी वायरमन आले, त्यांनी लाइटचे ड्रायव्हर, म्हणजे लाइटला वीज देणारे छोटे डबे, जोडले, प्रत्येक लाइट वर दाबला आणि स्प्रिंग चटकन बसल्या. एक लाइट त्यांनी मुद्दाम खाली ओढून बघितला, हलला नाही. विचारलं, भोकं कुणी मारली? बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी हत्यार हातात घेऊन बघितलं, दुकान कुठलं ते विचारून घेतलं.

सेक्शनमुळं दोन इंच सरकवलेली जोडी सोफ्यावर बसून वर बघितलं की मला कळते, इतरांना नाही कळत. बाबांची खुर्ची आता तिच्या जागेवर खिडकीशी आहे. बेडरूमची चार भोकं राहिलीत, त्यांचा कटआउट ९५ चा, म्हणजे पायलटच्या कडेपासून साडेचव्वेचाळीस.